भाईंदरला डास नाहीत

भाईंदरला डास नाहीत, असं मी स्वतःच्या हाताने लिहून कॅनडाला पाठवलेलं आहे. खाली सहीसुद्धा केली आहे.

हे वाचून जे हसले ते भाईंदरचे. जे हसले नाहीत त्यांनी एकदा आमच्या जेसल पार्कात यावं आणि खाडीच्या बाजूच्या खिडकीत संध्याकाळी सहा वाजता उभं राहावं. (दिवा लावू नये. तोंड उघडू नये. परदेशातून येणाऱ्या पाहुण्यांना ही माझी पहिली सूचना. बाकीच्या मधे मधे येतील, मला ओळीने सांगता येत नाही.)

माझी शाळा चौथीपर्यंत. म्हसळ्याकडून पोटासाठी इकडे आलो आणि भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला लागलो. चाळीस वर्षं ताटं घासली. तुमच्या लग्नात आलेल्या ताटात जर तुम्हाला तुमचं तोंड दिसत असेल, तर ते माझ्यामुळे दिसतंय हे लक्षात ठेवा. एवढं काम केलेल्या माणसाने कुणाचं ऐकून घ्यावं असं मला कधी वाटलं नाही, आणि मी ऐकलंही नाही. त्याचीच ही गोष्ट.

आमच्या घरात मी आणि ही, असे दोघंच. हिला दमा. एक वाक्य बोलायचं तर मधे दोनदा थांबावं लागे. मी एका दमात बोलतो. त्यामुळे घरातले निर्णय माझेच व्हायचे. हिचं 'नको' अर्ध्यात असताना माझं 'ठरलं' होऊन जायचं!

मुलगा विलास कॅनडात. कॉम्प्युटरचं काम. तिकडेच लिंडा नावाच्या मुलीशी लग्न केलं, तिकडेच तारा झाली. तारा पाच वर्षांची झाली तरी आम्ही तिला फोटोतच बघत होतो. कधी सुट्टी नाही, कधी तिकीट महाग, कधी बर्फ. आणि हिचं एकच मागणं. देवाकडे तेच, फोनवर विलासकडे तेच, आणि दोघं ऐकत नाहीत म्हणून माझ्याकडेही तेच.

"तारा आपल्या घरात... माझ्या कुशीत झोपली पाहिजे. एकदा... बस्स."

दोन हजार सालाच्या पुढचीच कुठली तरी दिवाळी होती. विलासचा फोन आला.

"बाबा, डिसेंबरात येतोय. नऊ दिवस."

"ये की. विचारतोस काय?"

"पण लिंडा पहिल्यांदाच गरम देशात येतेय. अशा देशात जायचं तर काय काय बघायचं, त्याचं पुस्तकच आणलंय तिने. तिचे प्रश्न आहेत थोडे. हसमुखभाईंकडे मेल करतो. नीट उत्तरं द्या हां. नाहीतर आम्ही हॉटेलात उतरू आणि दिवसा येऊन जाऊ."

मी फोन ठेवला. मागे ही भिंतीला धरून उभी.

"काय म्हणाला?"

"येतोय म्हणाला."

"आणि?"

"आणि काय? येतोय!"

हॉटेलचं मी हिला सांगितलं नाही. सख्खा मुलगा गावात येऊन हॉटेलात उतरणार? अहो, आमच्या गावी पोस्टमनसुद्धा जेवल्याशिवाय पुढच्या वाडीला जात नसे!

दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत गेलो. हसमुखभाई गुजराती, माणूस चांगला. त्याने कागद छापून काढला. थोडे प्रश्न म्हणे! एकोणीस होते. बोर्डाच्या परीक्षेलासुद्धा एवढे नसतील. (मी दिलेली नाही, पण अंदाज आहे.) सगळे इंग्रजीत. तो हिंदीत सांगत गेला, मी मराठीत लिहीत गेलो.

"काका, पहला सवाल. घर में मच्छर है क्या?"

हे विचारताना हसमुखभाईने स्वतःच्या मानेवर चापट मारली आणि तळहात बघितला.

मी लिहिलं, 'भाईंदरला डास नाहीत.'

"अरे काका! कुछ तो रखो! थोडा बोलो, शाम को दो-चार आते हैं."

"तुम्हारे यहाँ आते होंगे. आगे का पढ़ो."

"पानी कितना टाइम आता है?"

आमच्याकडे तेव्हा नळाला एक दिवसाआड पाणी यायचं, तेही तासभर. एखाद्या दिवशी नुसती हवा यायची, त्यावरून आम्ही नळ चालू आहे असं समजायचं. मी लिहिलं, 'चोवीस तास.'

"पानी उबाल के पीते हो?"

'आमच्या पाण्याला उकळायची गरज नाही.'

"रस्ते पे कुत्ते हैं?"

'आहेत. ओळखीचे आहेत.' (एकोणिसात एवढं एकच उत्तर खरं होतं.)

"अस्पताल कितना दूर?"

'जवळच आहे. आम्हाला लागत नाही.'

घरी येऊन मी हिला कागद वाचून दाखवला, आणि मग हॉटेलचंही सांगावं लागलं. ती पलंगावर उठून बसली.

"अहो... खरं लिहा. तो चिडेल."

"खरं लिहिलं तर हॉटेलात जातील. मग झोपव तिला कुशीत!"

ती गप्प बसली. मला वाटलं, पटलं. बायको गप्प बसली की पटलं, असा माझा बेचाळीस वर्षांचा हिशेब. हसमुखभाईने तो कागद मशीनवर ठेवून कॅनडाला पाठवला.

आठ दिवसांनी विलासचं उत्तर आलं. दोनच ओळी. 'पत्र मिळालं. लिंडाला वाचून दाखवलं. घरीच उतरतोय.'

मी जिंकलो होतो. पण रात्री... नाही, रात्री कशाला, भर दुपारीच माझ्या लक्षात आलं की आता पंचाईत झाली. लिहून दिलंय, सही केलीय. म्हणजे ती लोकं यायच्या आत भाईंदर त्या कागदासारखं करून ठेवायला हवं!

पाण्यासाठी तीन मोठे ड्रम आणले. दोन्ही खोल्यांत मिळून माणसांना उभं राहायला जागा उरली नाही, पण पाणी चोवीस तास झालं. मग डास. खिडक्यांना बारीक जाळी मारून घेतली. स्वतः मारली, माणूस लावला नाही. चाळीस वर्षं कारखान्यात काढलेल्याने चार खिळ्यांसाठी माणूस लावायचा? संध्याकाळी बघतो तर जाळीवर डासच डास. मी खूश. जवळ जाऊन पाहिलं तर सगळे आतल्या बाजूने! दिवसभर खिडक्या उघड्या टाकून, सगळ्यांना आत घेऊन, मग मी जाळी ठोकली होती. आता बिचाऱ्यांना बाहेर जायलासुद्धा वाट नव्हती.

"कॉइल... नका हां लावू," ही म्हणाली. कॉइलच्या धुराने हिची छाती भरायची. फवारा तर नकोच.

मग मला गावचा गोठा आठवला. पावसाळ्यात गुरांना डास चावू नयेत म्हणून आमचा बा संध्याकाळी घमेल्यात शेण्या, म्हणजे गोवऱ्या, पेटवून वर कडुलिंबाचा ओला पाला टाकायचा. अशी धुरी व्हायची की डास काय, पाहुणेसुद्धा यायचे नाहीत! हे कॉइलसारखं विषारी नाही, हा गाईचा धूर. औषधी. असं माझं मत होतं, आणि माझं मत एकदा झालं की ते बदलायला मलाही जमत नाही.

आता जेसल पार्कात शेण्या कुठे मिळणार? मी बस पकडून भाईंदर पश्चिमेच्या डोंगरी गावाला गेलो. तिथे माझ्याबरोबर पॉलिशला असलेल्या एका दोस्ताची बायको, मालूबाई. तिच्याकडे दोन गाई.

"काका, गोठा न्हाय, गाय न्हाय, आन शेन्या कशाला?"

"डासांना."

"घरान धूर करनार? आन काकीला दमा हाय ना?"

"तिला मी बाहेर बसवणार. मला काय अक्कल नाही?"

मालूबाईने पोतं भरलं, वर कडुलिंबाचे डहाळे ठेवले. "बघा हां काका," ती म्हणाली, "धूर कुनाला इचारून जात न्हाय."

बसमध्ये पोतं मांडीवर घेऊन बसलो. शेजारची बाई उठून उभी राहिली. तिच्या शेजारची पण. (पाहुण्यांना दुसरी सूचना. भाईंदर पश्चिमेच्या बसमध्ये बसायला जागा हवी असेल तर शेण्या बरोबर ठेवाव्यात.)

पाहुणे येणार त्याच्या आदल्या दुपारी चार वाजता मी घमेलं काढलं. ही दारात आली. माझा हात धरला. बाकी काही मी विसरेन, पण हे नाही.

"अहो, नको. खरंच... नको. डास असू देत. मी पदराने... वारा घालीन तिला."

"तू पाटकरवहिनींकडे जाऊन बस. तासाभरात सगळं साफ करतो."

"ऐका ना..."

"ठरलं!"

पाटकर आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, ते बरोब्बर आमच्या डोक्यावर तिसऱ्या. तिला मी स्वतः हाताला धरून, एकेक पायरी थांबत, वर नेऊन बसवलं. खिडकीजवळ बसवलं. हवा लागावी म्हणून.

धूर वर जातो, हे चौथीपर्यंत शिकवत नाहीत. पण मी जन्मभर चुलीपुढे बसलोय. मला कळायला हवं होतं.

खाली येऊन शेण्या पेटवल्या, पाला टाकला. काय धूर झाला! गावाला झाला नव्हता एवढा! पॉलिशच्या धुळीत आयुष्य गेलेलं, मला ठसकासुद्धा लागला नाही. मी दार लावून मधोमध उभा. आणि गंमत काय झाली, की जाळीतून धूर सगळा बाहेर गेला आणि डास सगळे आत राहिले!

खालून कुणीतरी ओरडलं, "आग! आग लागली!" मग पायांचे आवाज. दारावर थापा. पाटकरांचा आवाज, "काका! आत आहात का? जिवंत आहात का?"

"जिवंत आहे! डास मारतोय!"

पण ऐकतंय कोण? दार लोटून दहा-बारा माणसं बादल्या घेऊन आत. कुणी घमेल्यावर ओतली, कुणी पलंगावर, एकाने माझ्यावर. बादल्या संपल्या तेव्हा माझे ड्रम दिसले. तेही ओतले. पाण्याचा दिवस उद्या नव्हता, परवा होता. चार शेण्या विझवायला अख्ख्या बिल्डिंगने दोन दिवसांचं पाणी घालवलं!

पाटकर माझ्यावर बोट रोखून म्हणाले, "काका, तुमचं वय बघून गप्प बसतोय..." आणि तेवढ्यात वरून पाटकरवहिनी ओरडल्या. "अहो, काकींना बघा! काकींना बघा आधी!"

ही जिन्यात बसली होती. माझं घर जळतंय असं ऐकून, आधीच नाकातोंडात धूर गेलेली, एक मजला उतरून येत होती. मला बघायला. ओठ निळे झाले होते. बोलायचं होतं, पण ह्या वेळी वाक्याला सुरुवातच होईना.

रिक्षात मी तिचा हात धरून बसलो. माझ्या हाताला शेणाचा वास येत होता. तिने हात सोडवून घेतला नाही.

तिला ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, सात-आठ दिवस तरी ठेवावं लागेल. सात-आठ दिवस! मी बोटांवर मोजलं. पाहुणे राहणार होते नऊ.

सकाळी पाटकरांच्या भावाच्या गाडीतून विमानतळावर गेलो. विलास जाड झाला होता. लिंडा माझ्यापेक्षा उंच. आणि तारा. फोटोत कळत नव्हतं, पण हनुवटी थेट हिची.

"आई कुठाय?" विलासने पहिलं तेच विचारलं.

"घरी. आवराआवर करतेय."

अंधेरीला म्हणालो, स्वयंपाक करतेय. बोरिवलीला म्हणालो, जरा पडलीय. दहिसरचा नाका आला तेव्हा घर जवळ आलं आणि खोटं संपलं. मी खिडकीबाहेर बघत सगळं सांगून टाकलं. म्हणजे धुरीपर्यंत. 'ती नको म्हणाली होती' हे सांगितलं नाही.

गाडी तशीच दवाखान्यात नेली. तिथे दारावर वॉचमन. "बच्चा अंदर नहीं जाएगा."

"अरे, कॅनडा से आयी है!" मी म्हणालो.

"कहीं से भी आयी हो, चाचा. बारा साल के नीचे नहीं."

लिंडा ताराला घेऊन खाली बाकावर बसली. आम्ही दोघं वर गेलो. आईला नळ्या लावलेल्या बघून विलासचा तोल गेला. माझ्याकडे वळून म्हणाला, "दम्याचा माणूस घरात असताना शेण्या पेटवायच्या? हे डोकं कुणाचं? उद्या पोरीला काही झालं तर? बस, आम्ही हॉटेलात जातो."

हिने तोंडावरचा मास्क हाताने बाजूला केला. नर्स "आजी, नको" म्हणतेय तोवर ही बोलली.

"मीच सांगितलं... ह्यांना. धुरी करा म्हणून. हे नको... नको म्हणत होते. माझा हट्ट. ह्यांना... बोलू नकोस. घरीच राहा."

एवढं लांब वाक्य ती त्या वर्षात कधी बोलली नव्हती. आणि ते सगळं खोटं!

मी तोंड उघडलं. विलास आईवर रागावत होता, "काय गं आई, तुला कळत नाही?" म्हणत होता. मी तोंड मिटलं. चाळीस वर्षं ताटं चमकवलेला, कुणापुढे मान न वाकवलेला मी, त्या कॉटच्या मागे सलाईनच्या स्टँडसारखा उभा राहिलो.

ती लोकं घरीच राहिली. हिचं काम झालं.

घरी आल्यावर लिंडाने बॅग उघडली. त्यातून डासांना लावायची मलमं निघाली, पाण्यात टाकायच्या गोळ्या निघाल्या, जुलाबाच्या गोळ्या निघाल्या, आणि एक घडीची मच्छरदाणी निघाली, छत्रीसारखी उघडणारी. मी विलासला बाजूला घेतलं.

"अरे, हे कशाला? मी लिहिलं होतं ना, डास नाहीत म्हणून?"

विलास म्हणाला, "बाबा, मी इथेच वाढलोय ना?"

खरं सांगतो, ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. एकोणीस प्रश्नांत एकदाही नाही!

"मग प्रश्न कशाला पाठवलेस?"

"लिंडाचे होते. तिला खरंच भीती होती, हॉटेल बुक करायला बसलेली. मग तुमचं पत्र वाचून दाखवलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, ज्याला आपण एवढे हवे आहोत त्याच्याच घरी राहायचं."

म्हणजे जाळी नको होती. ड्रम नको होते. धुरी तर नकोच होती. माझ्या कागदावर कुणाचाच विश्वास बसला नाही, म्हणून ती लोकं माझ्याकडे उतरली, आणि ज्या माणसासाठी उतरवून घेतली ते माणूस मी दवाखान्यात नेऊन ठेवलं!

तारा हिच्या जागेवर झोपायची. हिची गोधडी पांघरून. मला 'आजोऽबा' म्हणायची, मधे एक श्वास घेऊन. दोन दिवसांत टाळीने डास मारायला शिकली. मारला की हात पुढे करून मला दाखवायची, आणि मला 'शाब्बास' म्हणावं लागायचं. ओळखीच्या कुत्र्यांशी तिची माझ्यापेक्षा जास्त ओळख झाली. लिंडा टँकर आला की कळशी घेऊन पाटकरवहिनींच्या मागे रांगेत उभी राहायची. पुस्तकात हे नव्हतं म्हणे. (तिसरी सूचना. रांगेत कळशी ठेवून माणसाने जागा सोडू नये. कळशी पुढे सरकत नाही, मागे जाते.)

मी रोज दुपारी दवाखान्यात जायचो. हिचा पहिला प्रश्न ठरलेला.

"काल कुठे झोपली?"

"तुझ्या जागेवर."

"गोधडी... घेतली?"

"घेतली. पाय बाहेर टाकते."

मग ती डोळे मिटायची आणि हसायची. एकदा मी ताराला दवाखान्याच्या समोरच्या फुटपाथवर उभं केलं आणि वर धावत गेलो. "ऊठ, खिडकीत ये, खाली उभी आहे!" पण ऑक्सिजनची नळी खिडकीपर्यंत पुरत नव्हती. दोन हात कमी पडली. मी एकटाच खिडकीत उभा राहून हात हलवत होतो आणि तिला सांगत होतो, "लाल फ्रॉक घातलाय. आता उडी मारली. आता नाक पुसलं."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? आलं असेल नाक!"

नवव्या दिवशी सोडलं. विमान त्याच दिवशी होतं. घरी पोहोचेपर्यंत साडेपाच वाजले. डॉक्टरांनी बजावलं होतं, धूर नाही, कॉइल नाही, मलमाचा वाससुद्धा नाही. आणि सहा वाजायला आले होते, जाळीवर मंडळी जमायला लागली होती.

लिंडाने ताराचे हातपाय साबणाने धुतले, पलंगावर ती छत्रीची मच्छरदाणी उघडली, हिला आत झोपवलं आणि ताराला हिच्या कुशीत सरकवलं. विमानाच्या भानगडीत ताराचं झोपेचं घड्याळ उलटंच होतं, ती पाच मिनिटांत झोपली. मच्छरदाणी एका माणसाची. विलास, लिंडा बाहेरच्या खोलीत बॅगा भरत होते. मी पलंगाजवळ स्टुलावर. आतले डास सगळे माझ्याकडे आले. दुसरं कुणी उघडं नव्हतंच! मी हात वर केला नाही. चापटीच्या आवाजाने पोर उठली असती.

थोड्या वेळाने आतून आवाज आला.

"अहो."

"काय?"

"लाथ मारली तिने. बरगडीत."

"लागलं?"

"हो," ती म्हणाली. इतक्या आनंदाने 'हो' म्हणताना मी तिला लग्नातसुद्धा ऐकलं नव्हतं.

दोन तास झोपली पोर. मग मी टॅक्सी आणायला खाली गेलो, आणि ती लोकं निघाली. तारा विलासच्या खांद्यावर, अर्धी झोपेतच. (पाहुण्यांना आता एक खरोखरची सूचना. यायचं असेल तर लवकर या. पाणी, डास, कुत्री, सगळं थांबतं तुमच्यासाठी. माणसं थांबतीलच असं नाही.)

त्यानंतर ही आठ महिने होती. येईल त्याला बरगडीवर हात ठेवून लाथेची जागा दाखवायची. मी रोज ठरवायचो, आज बोलू. म्हणू, अगं, तू नको म्हणत होतीस, मी ऐकलं नाही, आणि वर माझ्यासाठी खोटंही तूच बोललीस. मी समोर बसायचो.

"अगं..."

"काय?" ती हातातलं काम ठेवून माझ्याकडे बघायची.

"काही नाही. चहा टाकतेस का?"

ती चहा टाकायची. त्या आठ महिन्यांत मी जेवढा चहा प्यायलो तेवढा आयुष्यात प्यायलो नव्हतो.

श्रावणात ती गेली. झोपेतच गेली, वाक्य अर्धं न ठेवता.

विलास एकटा आला. तेरावं झालं, माणसं पांगली, दुपारी आम्ही दोघंच बसलो होतो. मला राहवेना. मी म्हणालो, "विलास, ती धुरी तुझ्या आईने सांगितली नव्हती. ती नको म्हणत होती. माझा हात धरून नको म्हणाली. मी ऐकलं नाही."

विलास म्हणाला, "माहीत आहे, बाबा."

"कुणी सांगितलं?"

"आईने. तुम्ही टॅक्सी आणायला गेलात तेव्हा. म्हणाली, मी खोटं बोलले, पण तू त्यांना काही विचारू नकोस. ते आपणहून मला सांगतील. त्यांना वेळ लागतो."

"किती वेळ लागेल म्हणाली?"

"महिनाभर." विलास खाली बघत होता. "मी दर फोनला विचारायचो, बोलले का बाबा? ती म्हणायची, आज तोंड उघडलं होतं, उद्या बोलतील."

बेचाळीस वर्षं माझ्याबाबतीत हिचा अंदाज कधी चुकला नाही. मी कितीला घरी येणार, कशावरून चिडणार, चिडून कुठे जाऊन बसणार आणि भूक लागली की किती वाजता परत येणार, सगळं तिला आधी माहीत. मला त्याचा फार राग यायचा. एकदा, फक्त एकदा, हिला खोटं पाडून दाखवायचं, अशी माझी जन्माची इच्छा होती.

पाडलं की नाही!